मंत्रीमहोदय, त्या गोळीसोबत एक मराठी कागद द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या इमर्जन्सी गोळीची माहिती मराठीत देण्याबाबत आणि सरकारी दवाखान्यात तांबी (कॉपर-टी) वेळेत बसवून मिळण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. काउंटरमागे उभं राहून 19 वर्षं झाली. इतक्या वर्षांत ही गोळी कुणी नावानं मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. आधी खोकल्याची गोळी, नाहीतर टूथपेस्ट. दुसरं गिऱ्हाईक पायरी उतरलं की मग हळूच, "बहात्तरची आहे का?" पैसे ठेवले, पाकीट खिशात, गाडीला किक. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. त्यात निम्म्या वेळा विकत घेणारा वेगळा आणि गोळी गिळणारी वेगळी.

खोक्यात माहितीचा कागद असतो, नाही असं नाही. पण तो मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, बहुतेक वेळा इंग्रजीत. मलाच चष्मा लावून उजेडाला धरावा लागतो. मग लोकांना माहिती मिळते ती फक्त खोक्यावरच्या 72 (म्हणजे 72 तास) या आकड्यातून. त्याचा अर्थ ते लावतात, तीन दिवस आहेत, काय घाई आहे. शनिवारी रात्री घडलेल्या गोष्टीसाठी मंगळवारी संध्याकाळी येणारे मी पाहिलेत. ही गोळी मुख्यतः बीजांड बाहेर पडणं लांबवते. बीजांड आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. म्हणून पहिल्या काही तासांत घेतलेली आणि तिसऱ्या दिवशी घेतलेली गोळी सारखी नसते.

दुसरा घोळ नावांचा. बाजारात एकाच नावाखाली तीन वेगळी खोकी मिळतात. 21 लिहिलेली म्हणजे रोजची गोळी, 72 लिहिलेली म्हणजे ही, आणि 'किट' म्हणजे गर्भपाताची. शिकलेली माणसंसुद्धा चुकतात. दोन महिने पाळी चुकल्यावर 72 मागायला येतात. आहे तो गर्भ या गोळीनं पडत नाही. नंतर थोडा रक्तस्राव दिसला की "झालं मोकळं" म्हणून निश्चिंत होतात, तेही चूकच. आणि दुकानदारही याच घोळात सापडतात. 2012 नंतर राज्यात गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीची कडक तपासणी झाली, तेव्हापासून माझ्या ओळखीच्या दोघांनी 72 ठेवणंसुद्धा बंद केलं. नको ती भानगड, म्हणतात. वास्तविक 2005 पासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येते. (औषध प्रशासन आपल्याकडे नाही, दुसऱ्या खात्याकडे आहे, ते ठाऊक आहे. पण दोन्ही खाती एकाच सरकारची.)

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते. एक जोडपं दर महिन्याला माझ्याकडून कार्बामाझेपिन नेतं. बायकोला फिट येतात. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी नवरा एकटाच आला आणि 72 मागितली. मी खोकं काढून काउंटरवर ठेवलं, पैसेही घेतले, आणि मग डोक्यात आलं. फिटच्या काही गोळ्या, टीबीचं रिफाम्पिसिन, ही औषधं चालू असतील तर या गोळीचा असर कमी होतो. मी ओळखत होते म्हणून लक्षात आलं, एवढंच. अनोळखी असता तर गेला असता घेऊन. त्याला म्हटलं, दादा, यांना तांबी बसवून घ्या, पाच दिवसांच्या आत बसवली तर गोळीपेक्षा खात्रीची, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. दोघं त्याच दिवशी गेली. तिथं सांगण्यात आलं, "पाळी येऊ द्या, मग या." संध्याकाळी तो पुन्हा दुकानासमोर उभा. पाळी येते की नाही, हाच तर त्यांचा प्रश्न होता! शेवटी चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी खासगीत जाऊन बसवली. मजुरी बुडाली ती वेगळीच.

त्या सिस्टरला मी दोष देत नाही. एरवी तांबी पाळीनंतर बसवायची, हे त्या शिकलेल्या. घाईच्या वेळी अशीही बसवता येते, हे त्यांना कुणी ठासून सांगितलंच नसेल. हे एका परिपत्रकानं आणि एका दिवसाच्या प्रशिक्षणानं सुटण्यासारखं आहे, आणि ते खातं आपलंच आहे.

आशाताईंच्या पिशवीतही ही गोळी असायला हवी. घरपोच 2 रुपयांत देण्याची योजना आहे, माझ्याकडे तिला शंभराच्या आसपास पडतात. पण आशाताई जातात त्या पात्र जोडप्यांच्या रजिस्टरावरून. कॉलेजला एसटीनं जाणारी, लग्न न झालेली मुलगी त्या रजिस्टरात नाही. ती माझ्याकडेही येत नाही. मी तिच्या आईला ओळखते ना.

खोक्यावर काय छापायचं ते दिल्लीत ठरतं, म्हणून खोकं बदला असं मी म्हणत नाही. प्रत्येक मेडिकलला आणि उपकेंद्राला आपल्या खात्यानं एक कागद छापून द्यावा. मजकूर अवघड नाही. एकच गोळी, शक्य तितक्या लवकर. दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. ती झालेल्या वेळेपुरतीच, पुढच्या दिवसांसाठी नाही, आणि गुप्तरोगांपासून वाचवत नाही. वजन जास्त असेल, किंवा फिटची नाहीतर टीबीची औषधं चालू असतील तर तांबीचं विचारा. पाळी चार दिवस पुढेमागे होऊ शकते, पण आठवडाभर उशीर झाला तर गरोदरपणाची तपासणी करा, आशाताईंकडे 'निश्चय' किट मोफत असतं. पोटात एका बाजूला जोरात दुखलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. पुढे मूल होण्यात हिच्यामुळे अडचण येत नाही (हे सगळ्यात जास्त विचारलं जातं, तेही पाठ फिरवताना). आणि महिन्यात तीनदा लागत असेल तर रोजची गोळी, 'छाया' गोळी किंवा 'अंतरा' इंजेक्शन यांची चौकशी करा.

सध्या मी हे हातानं लिहून, झेरॉक्स काढून, पाकिटाला रबर लावून देते. संध्याकाळी झाडताना त्यातले बरेच कागद पायरीखाली सापडतात. घडी करूनही ते खिशातून वर दिसतात, आणि घरात असा कागद सापडणं कुणालाच परवडत नाही. तेव्हा आपण छापाल तो कागद बसच्या तिकिटापेक्षा मोठा नको.

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट