देवळातल्या खुर्च्या परत ठेवा

मा. संपादक,

आमच्या गावातल्या एका मंदिरात सभामंडपातल्या खुर्च्या उचलून नेल्या, का म्हणून विचारलं तर म्हणे देवासमोर वर बसणं बरं दिसत नाही. आता ज्या म्हाताऱ्या बायांचं आख्खं आयुष्य कपाशी निंदण्या-वेचण्यात गेलं आणि गुडघे कामातून गेले, त्या खांबाला धरून आरती संपेपर्यंत उभ्या राहतात, एक हात खांबाला, दुसरा कपाळाला, झाला नमस्कार. त्यात एक तरणा पोरगा म्हणतो, आजी, डोकं नीट टेकवा ना. फार लागलं हो मनाला.

साष्टांग नमस्कार मोठाच, पण त्याच्या श्लोकात ८ अंगं कोणती सांगितलीत? छाती, डोकं, हात, पाय, गुडघे आणि सोबत दृष्टी, वाणी, मन. म्हणजे ८ पैकी ३ तर खुर्चीत बसूनही होतात, आणि माझ्या मते तीच अवघड आहेत.

दुसऱ्यांकडंही बघा जरा. नमाजात सजद्याला कपाळ-नाक, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं अशी ७ अंगं जमिनीला टेकवायची असतात, एवढा काटेकोर नियम, तरी उभं राहता येत नसेल तर बसून, बसताही येत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढायची मुभा आहेच, सजदा नुसत्या इशाऱ्यानंही चालतो. ख्रिस्ती लोक गुडघे टेकतात हे आपल्याला माहीत असतं, पण इ.स. ३२५ मधे त्यांच्याच धर्मगुरूंच्या निकियाच्या परिषदेनं रविवारची प्रार्थना उभं राहूनच करायची असं ठरवलं होतं. ज्यूंची मुख्य प्रार्थना पाय जुळवून उभ्यानं, जैनांचा कायोत्सर्ग, म्हणजे देहाचं भान सोडून केलेलं ध्यान, तोही बहुतेक उभ्यानंच, आणि आपला विठोबा तर स्वतःच उभा आहे. मग वाकलं तरच भक्ती हे कुठून आलं?

विश्वस्त मंडळींना हात जोडून विनंती आहे, खुर्च्या परत ठेवा, पुढं नको तर भिंतीकडंला ठेवा, पायऱ्यांना धरायला पाईप लावा, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात फरशी कशी भाजते ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा दारापासून एक मॅट टाका. खर्च काही फार नाही. श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला सुरत-मुंबईकडची सगळी माणसं गावाला येतात, त्याच्या आत झालं तर बरं होईल.

— एक वाचक, चोपडा तालुका