विश्वास नसला तरी बसता येतं

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत की देव न मानणाऱ्याने रोज धरायचं तरी काय. आईची श्रद्धा शाबूत आहे, पण पुढचं तिलाही चालेल.

श्रद्धा सुटली की तिच्याबरोबर ठरलेली वेळ, निवांत बसणं आणि स्वतःच्या वागण्याचा हिशेब घेणंही सुटतं. खरी पोकळी तिथे पडते, असं मला वाटतं. या गोष्टी देवावाचूनही सांभाळता येतात.

सकाळी, नाश्त्याआधी दहा मिनिटं ठेवा. पोट भरलं की डुलकी लागते. मांडी घालू नका. खुर्चीवर बसा, तळवे जमिनीला पूर्ण टेकू द्या, टेकत नसतील तर खाली पाट घ्या. श्वास सोडताना मनात एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत, मग पुन्हा एक. भरकटलात तर कुठे चुकलं ते शोधत बसू नका, सरळ एकवर या. तेरा-चौदावर पोचलात, तर आकडे नुसते सवयीने पुढे सरकत होते. श्वास मुद्दाम ओढू नका. लागोपाठ खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि गरगरतं. उठताना आधी पाय हलवा, मगच उभे राहा.

आई, शांत बसलं की जुनी दुःखं वर येतात. तसं झालं तर डोळे उघड, तळव्यांखालची जमीन जाणवू दे, हवं तर उठून चार पावलं चाल. त्याने झोपच उडाली, तर बसणं थांबव आणि डॉक्टरांशी बोल.

एवढ्याने मन निवतं, पण जगायचं कशासाठी, हे त्यातून आपसूक कळत नाही. ध्यान शिकवणारे हे फारसं सांगत नाहीत. नाझी छळछावणीतून १९४५ साली सुटलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल अर्थाच्या तीन वाटा सांगत: काही घडवणं, कुणावर जीव लावणं किंवा जगातलं काही मनापासून अनुभवणं, आणि न टळणाऱ्या दुःखाला कसं सामोरं जायचं ते ठरवणं. निवृत्तीनंतर पहिली वाट अरुंद होते. उरलेल्या दोन वयाने बंद होत नाहीत.

बाबा, तुम्ही जुन्या आठवणींत रमता याची लाज बाळगू नका. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडलं की म्हातारपणी मागे वळून पाहणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे. ते वहीत करा. जन्मापासून क्रमाने लिहू नका, बालपणातच अडकायला होतं. एका पानावर आयुष्यातला एकच निर्णय घ्या: तेव्हा काय ठरवलं, त्याची झळ कुणाला बसली, आज काय वाटतं. एकच पश्चात्ताप त्याच शब्दांत पुनःपुन्हा उतरू लागला, तर लिहिणं थांबवून तो आईला मोठ्याने सांगा. कागद उलटून प्रश्न विचारत नाही, आई विचारेल. कुणाची माफी मागायची राहिली असेल आणि तो माणूस हयात असेल, तर आधी त्याला फोन करा, पान नंतर लिहा.

आठवडाभर करून पाहा आणि कुठे अडतं ते रविवारी मला सांगा.

तुमची,
लेक