आधार सेंटरवाल्या ताईंना

ताई, तुमचं नाव लिहीत नाही आणि गावाचंही नाही, देवगडच्या अलीकडे की मालवणच्या पलीकडे तेही सांगणार नाही, का ते तुम्हाला माहितीय. तुमच्यापर्यंत हे पोचेल का? पोचेलच, आपल्याकडे सगळं सगळ्यांपर्यंत पोचतं, तोच तर माझा प्रॉब्लेम होता.

शिमग्याच्या आधी तुतारी एक्सप्रेसने रातोरात माहेरी आले तेव्हा एक पिशवी आणि आधार कार्ड एवढंच होतं. पंधरा दिवसांत नवऱ्याचा फोन बाबांच्या मोबाईलवर, तू कुठल्या बँकेत गेलीस ते मला माहितीय. कसं कळलं ते कोणालाच उमगेना. आई म्हणाली कोणीतरी चहाडी केली, आणि बिचाऱ्या शेजारच्या काकींशी आठ दिवस बोलली नाही.

तुमच्याकडे मी आले ती एकच गोष्ट धरून, माझा आधार नंबरच बदलून द्या. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने सांगितलेलं की तिकडे छळ असेल, जिवाला धोका असेल तर पोलिसांचे, डॉक्टरांचे कागद दाखवून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडचं आधारच म्हणा, नवीन मिळतो. (तिकडेही जुना नंबर पुसत नाहीत, सरकारी रेकॉर्डमध्ये नव्याला जोडलेलाच राहतो, हे तिने नंतर सांगितलं.) आणि बाजारात एकजण भेटलेला, पाच हजारात दुसरं आधार काढून देतो म्हणाला, मी अर्धे पैसे द्यायला निघालेलेच.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "नंबर बदलूक येणा नाय गो बाय, पण तेका कुलूप घालूक येता." मग नीट सांगितलंत, २०१६चा कायदा आहे, एका माणसाला एकच नंबर आणि तो जन्मभर, दुसरं काढायला गेलं तर बोटं आणि डोळे आधीच रेकॉर्डला असतात, अर्ज डुप्लिकेट म्हणून परत येतो आणि पाच हजार पाण्यात.

आणि मग तुम्ही ती स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. आधारला जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे. "हो नंबर कोणाचो?" मी बघतच राहिले. लग्नानंतर कार्डावर नाव बदललं तेव्हा त्यानेच स्वतःचा नंबर दिलेला, मी सही केलेली. म्हणजे ओटीपी सगळे त्याच्याकडे, कुठे कधी आधार वापरलं त्याची मागच्या सहा महिन्यांची हिस्ट्री त्याच्याकडे, आणि मी तर त्या दिवशी पत्ताही बदलून घ्यायला आलेले! पत्ता बदलला असता की त्याने नवीन ई-आधार डाऊनलोड केलं असतं, आणि त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, ते नवऱ्याला पाठ नसणार होय?

तुम्ही म्हणालात आधी मोबाईल, मग कुलूप, पत्ता सगळ्यात शेवटी. हा क्रम मला कुठल्या ऑफिसात कोणी सांगितला नव्हता, एका ठिकाणी तर साहेबांनी घरचं भांडण घरात मिटवा म्हणून परत पाठवलेलं.

मोबाईल बदलायला कागद काही लागत नाही, फक्त बोटं, आणि माझी बोटं लागेनात. दोन महिने काजू फोडत होते, त्या तेलाने साल निघालेली. तीनदा रिजेक्ट. त्यात लाईट गेली. बाहेर लाईन, लोक कुरकुरतायत, तुम्ही इन्व्हर्टरवर मशीन चालू करून डोळे स्कॅन केलेत आणि लाईनीतल्या त्या आजोबांना असं काही झापलंत की ते छत्री घेऊन पडवीतच बसले.

आठवड्याने माझ्या नंबरवर मेसेज आला. घरात रेंज नाही म्हणून सड्यावर जाऊन आधारवाल्यांच्या १९४७ या नंबरला एसएमएस केला, आधारऐवजी द्यायचा १६ आकड्यांचा व्हर्च्युअल आयडी आला, मग आधार नंबर लॉक. आता माझे बारा आकडे त्याला तोंडपाठ असले तरी ते टाकून काही होत नाही, आणि मी जिथे द्यायचा तिथे १६ आकड्यांचा देते, तो पाहिजे तेव्हा बदलता येतो. बोटांनाही लॉक लावलं. एवढं चोख लावलं की रेशनवर अंगठाच लागेना, दुकानदार म्हणतो मशीन खराब, मी गप्प, नंतर आठवलं आधी उघडायला हवं होतं.

आपल्या नावावर किती सिमं आहेत ते संचार साथी या सरकारी वेबसाइटवर बघायला सांगितलंत तर माझ्या नावावर मला माहीत नसलेली दोन सिमं निघाली, ती रिपोर्ट केली. ओरोसला विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो, हे पण तुमच्याचकडून कळलं. केस चालू आहे, त्याबद्दल इथे नको.

आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की नेमकं झालं काय. सगळे तेच विचारतात, तुम्ही कोणाचो नंबर विचारलंत.

कोकमाच्या आगळाची बाटली तुमच्या टेबलाखाली ठेवून गेलेली ती मीच, उघडताना जपून, गच्च भरलीय. गणपतीत घरी या. पत्ता तोंडी सांगेन.