धरण्यातली डोकी मोजताना

महोदय,

अंथरुणाला खिळलेले माणूस घरी बिनपगारी सांभाळणाऱ्यांच्या, काळजीवाहक भत्त्यासाठीच्या धरण्याला पंधरा-वीस जण दिसले की ‘अल्प प्रतिसाद’ असा शेरा पडतो. तो अल्प का असतो, ते सांगायला हे पत्र.

कामगार काम बंद करून दाब आणतो. इथे काम बंद म्हणजे पेशंटचे जेवण बंद. नाकातल्या नळीने भरवायचे तर दर दोन-तीन तासांनी फीड, दर दोन तासांनी कूस बदलणे (नाहीतर पाठीला जखमा), मध्येच डायपर. भरवताना आणि नंतरही अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू उंच हवी. सपाट झोपवून भरवले तर अन्न फुफ्फुसात उतरण्याची भीती. त्यामुळे शेजारणीला ‘जरा बघा हं’ म्हणून निघता येत नाही. पेशंट सांभाळायला मावशी पुरवणारा ब्युरो बारा किंवा चोवीस तासांची ड्यूटी देतो, तीन तासांची नव्हे. शिवाय नव्या मावशींना पेशंट समजेपर्यंत पहिला दिवस जातो. दोन फीडच्या मधल्या वेळात धायरीहून धरण्यासाठी कॅम्पात जाऊन परतायचे कसे?

वाराचे त्रांगडे त्याहून मोठे. घरात दुसरे कोणी असते ते शनिवार-रविवारी, आणि २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यामुळे राज्याची कार्यालये तेव्हाच बंद. निवेदन काय कुलपाला द्यायचे?

जमते ते साखळी धरणे. अकरा ते पाच, दीड-दीड तासाच्या चार पाळ्या, एका भागातले लोक एकाच पाळीत, म्हणजे रिक्षा वाटून घेता येते. पुढची पाळी उशिरा आली तर आधीचे अडकतात. म्हणून ज्यांचा पेशंट आता राहिला नाही असे दोघे-तिघे दिवसभर बसतात. खरा कणा तेच. शहरात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील जमावबंदीचे आदेश वारंवार लागू असतात, तेव्हा परवानगीचा अर्ज आधीच द्यावा आणि त्यावर तीन नावे घालावीत. ज्याची सही, तोच नेमका त्या सकाळी पेशंटला घेऊन कॅज्युअल्टीत असतो.

मागणी नवी नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. अधिकाऱ्यांनी शिष्टमंडळाला वेळ द्यावी आणि ती पाळावी. बाराला बोलावून तीनला भेटणे म्हणजे आमच्यासाठी भेट नाकारणेच.

जे येऊ शकत नाहीत ते आपल्या चोवीस तासांचे वेळापत्रक एका कागदावर, नाव न घालता, पाठवतात. वार्ताहरांनी तो गठ्ठाही मोजावा. पेशंटला रस्त्यावर आणून फोटो काढा, असे मात्र कृपया सुचवू नये. फोटोच हवा असेल तर साडेबारा, दोन किंवा साडेतीनला यावे. पाळी बदलताना माणसे दुप्पट दिसतात.

— घरी पेशंट सांभाळणारे काही जण, पुणे