उलट विचारणारं यंत्र

दांडिया बाजार, बडोदे
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी, आणि शेवटी तो प्रश्न: नातवाच्या फोनमधलं हे बोलणारं ए.आय. यंत्र समजून बोलतं की नुसतं बोलतं? नातू म्हणतो समजतं, तू म्हणतोस पोपट, आणि निवाडा मी करायचा, कारण मी जन्मभर लायब्ररीत बसलो. लेका, लायब्ररीतल्या माणसाने सगळी पुस्तकं वाचलेली असतात हा तुझा कॉलेजातला समज अजून गेला नाही म्हणायचा. आम्ही बहुतेक पुस्तकांचे कणे वाचतो. पण या विषयावर मात्र थोडं आतलंही वाचलंय. निवाडा मागू नकोस. समजणं म्हणजे काय यावर आपण दोघं सुरसागर तलावाच्या पाळीवर बसून रात्री घालवल्या आहेत आणि हाती काही लागलं नव्हतं. मी यंत्राची परीक्षा एकाच गोष्टीवरून करतो. ते उलट काय विचारतं?

सुरुवातीचं यंत्र नुसतं उलटच विचारायचं. अमेरिकेत एम.आय.टी.मधल्या जोसेफ वायझेनबाउमने 1966 मध्ये त्याबद्दल लेख लिहिला. कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं नाव एलायझा, आणि गाजलेली भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची. तुम्ही वाक्य टाइप करायचं. ते त्यातला ठरावीक शब्द हेरणार, 'मी'चं 'तुम्ही' करणार आणि वाक्याला प्रश्नाचं शेपूट लावून परत पाठवणार. काहीच हेरता आलं नाही तर 'पुढे बोला'. लेखात छापलेल्या संवादात एक बाई म्हणतात, पुरुष सगळे सारखेच. एलायझा विचारते, कोणत्या बाबतीत? आता यात समज शून्य. डॉक्टरचं सोंग निवडलं तेही हिशेबाने, कारण जगाची काहीही माहिती नसताना प्रश्न विचारत राहिलं तरी शोभतं असा हा एकच धंदा. (वकिलाचा दुसरा, असं तू म्हणशील. मी म्हटलेलं नाही.)

पुढचा किस्सा मला फार आवडतो. वायझेनबाउमची सेक्रेटरी त्याला महिनोन् महिने हा प्रोग्रॅम लिहिताना बघत होती. आत काय आहे, किती आहे, सगळं तिला ठाऊक. तीच एकदा त्याच्याशी बोलायला बसली आणि दोनचार वाक्यांनंतर साहेबांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबाउम हादरला, आणि पुढे आयुष्यभर या विषयाचा टीकाकार झाला. मला ती बाई भोळी वाटत नाही. कुणी उलट विचारलं की त्याने ऐकलं, असं आपण धरूनच चालतो. घरात नाही का, वहिनींनी 'मग?' म्हटलं की तू अर्धा तास बोलतोस, आणि त्या शेंगा निवडत असतात.

काउंटरवर आम्हीही उलटच विचारायचो. सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, फुकट वाचनालयांची व्यवस्था उभी केली, खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. थोर काम, वादच नाही. पण पेटी उलट विचारत नाही. एकदा जंबुसरकडचा एक मुलगा आला. 'पाणी विशे चोपडी छे?' पाण्यावर पुस्तक! भूगोल द्यावा, की रसायन, की पाटबंधारे? विचारलं, कशाला हवंय? शाळेसाठी? नाही. शेतासाठी? थोडंसं. मग हळूहळू निघालं, की घरच्या बोअरला खारं पाणी लागलंय, आणि बापाला वाटतंय कुणी करणी केली. त्याला पाहिजे होतं ते पुस्तक जमिनीखालच्या पाण्याचं, आणि ते पाण्याच्या कपाटात नव्हतंच, भूगर्भशास्त्रात होतं. माणूस मागतो ते एक आणि त्याला लागतं ते दुसरं, यावर तर आमची नोकरी चालली.

आता असं विचारणारं यंत्र कधी झालं का? झालं, आणि तेही जुनं. 1970च्या सुमारास त्याच एम.आय.टी.त टेरी विनोग्राड नावाच्या विद्यार्थ्याने श्रडलू नावाचा प्रोग्रॅम केला. त्याचं जग म्हणजे पडद्यावरचं एक टेबल, त्यावर रंगीत ठोकळे, काही पिरॅमिड, एक खोका, आणि ते उचलणारा एक काल्पनिक हात. मोठा लाल ठोकळा उचल म्हटलं की उचलायचा. पिरॅमिड पकड म्हटलं तर म्हणायचा, कोणता पिरॅमिड ते मला कळलं नाही. आणखी एकदा त्याला सांगितलं, हातात आहे त्यापेक्षा उंच ठोकळा शोध आणि तो खोक्यात ठेव. यावर त्याने आधी खुलासा केला, 'तो' म्हणजे उंच असलेला ठोकळा असं मी धरतो. बंड्या, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. एलायझाने विचारलं कारण तिला काहीच माहीत नव्हतं. श्रडलूने विचारलं कारण टेबलावर पिरॅमिड एकापेक्षा जास्त आहेत हे त्याला माहीत होतं. आमच्या काउंटरचा प्रश्न हाच. फक्त टेबलाबाहेर त्या बिचाऱ्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. (विनोग्राड पुढे स्टॅनफर्डला शिकवायला गेला. गूगलचा लॅरी पेज तिथे त्याचाच विद्यार्थी.)

तुझ्या नातवाच्या फोनमधलं यंत्र तिसऱ्या जातीचं. 2017 मध्ये गूगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली, तिच्यावर ही सगळी उभी आहेत. अफाट मजकूर वाचायला लावून पुढचा तुकडा (शब्द किंवा शब्दाचा भाग) कोणता येईल याचा अंदाज बांधायला त्यांना शिकवतात. मग माणसांपुढे एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरं ठेवतात, कोणतं बरं वाटलं ते विचारतात आणि यंत्राला त्या पसंतीकडे वळवतात. गोम इथे आहे, असं माझं मत. एकीकडे सुबक, भरगच्च, तयार उत्तर आणि दुसरीकडे 'तुम्हाला नक्की काय हवंय?' एवढंच. तू कोणतं निवडशील? मीसुद्धा पहिलंच निवडीन. माणसाची ही घाई यंत्रात उतरली. त्याच वाटेने त्याला आपल्या होत हो मिळवायचीही सवय लागते.

नमुना सांगतो. मी त्याला आमच्या वाड्याचा इतिहास विचारला. गल्लीचं नाव दिलं, बाकी काही नाही. त्याने विचारायला हवं होतं, कोणता वाडा, कुणाचा? छे! त्याने एक सरदार बहाल केला, गायकवाडी फौजेतली कामगिरी दिली, आणि कोरीव खांबांचं वर्णन असं केलं की मी उठून आमचे खांब बघून आलो. तुला आठवतंय ना, वाडा पिठाच्या गिरणीवाल्याने बांधला आणि खांब लोखंडी आहेत. मी म्हटलं, हे चुकलं. लगेच माफी, आणि लगेच दुसरा सरदार!

मराठीचं म्हणशील तर बोलतं बरं. थोडं पुस्तकी. मजकुराचे ते जे तुकडे करतं ते इंग्रजीपेक्षा देवनागरीत साधारण जास्त पडतात, म्हणून तीच गोष्ट आपल्या भाषेत त्याला महाग जाते.

तुझ्या बँकेच्या फोनवरचा तो आवाज मात्र यात धरू नकोस. हयातीच्या दाखल्यासाठी तू जिवंत आहेस हे तू सांगतोयस आणि तो तुला शिल्लक रक्कम ऐकवतोय, हे वाचून आमची सौ. पोट धरून हसली. तसले बरेच आवाज ठरलेल्या पाचपंचवीस कामांपैकी एकात तुला बसवू बघतात. तुझं काम त्या यादीत नसलं की संपलं. शाखेत जा, अंगठा लाव, मोकळा हो.

आणि एक कर. तू आपल्या आळीचा इतिहास लिहिणार म्हणतोयस, त्याबद्दल नातवाच्या यंत्राला विचार. पण आधी बजाव, की उत्तर देऊ नकोस, तुला काय काय माहीत नाही ते मला विचार. मी असं करून पाहिलंय. बजावलं की विचारतं, आणि कधीकधी आमच्या काउंटरला शोभेल असं विचारतं. न बजावता क्वचितच. ते प्रश्न जसेच्या तसे उतरवून मला पाठव, उत्तरं तुझी तू लिही. सरदार निघाला तर आधी मला दाखव.

वहिनींना नमस्कार. लीला चिवडा आणि भाकरवडी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय. भाकरवडी पुण्याची बरी की बडोद्याची हा वाद पत्रात नको, समोरासमोर घालू.

तुझा,
अण्णा