मासे आणण्याआधी पाणी तयार हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरातील मत्स्यटाकीविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. टाकी केवढी घ्यावी, दिवे कसे असावेत, तळाशी कोणती वाळू पसरावी, कोणते मासे एकत्र नांदतात, ही माहिती त्यांत नेटकेपणाने दिलेली असते. पाण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक लेख ‘टाकी भरून एक दिवस तशीच ठेवावी आणि मग मासे सोडावेत’ एवढेच सांगून थांबतात. नव्या टाकीतले मासे पहिल्या काही आठवड्यांत एकामागोमाग दगावतात, त्यातले बहुसंख्य या अपुऱ्या सल्ल्याचे बळी असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी एक दिवस उघडे ठेवल्याने त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, हे खरे आहे. परंतु पुरवठ्याचे पाणी क्लोरामाइनने, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांच्या संयुगाने, निर्जंतुक केलेले असेल, तर ते असे उडून जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटसारखे द्रव्य घालावे लागते आणि त्याने क्लोरामाइन मोडले, तरी त्यातला अमोनिया पाण्यात मागे उरतो. शिवाय क्लोरीन पूर्ण गेला, तरी ते पाणी माशांना अपायकारक नाही एवढेच म्हणता येते. माशांनी सोडलेली घाण पचवण्याची ताकद त्या टाकीत अद्याप आलेली नसते.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकत असतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर आणि दगडांवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते आणि नियमित पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1850च्या सुमारास मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून टाकीतला समतोल दाखवून दिला. पुढे त्याच्याच मुलाने, त्याचेही नाव रॉबर्टच, अमोनियापासून नायट्रेट होण्याची क्रिया दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या जीवांकडून होते, हे शेतजमिनीच्या अभ्यासातून दाखवले. मत्स्यटाकीचा पाया घालणाऱ्याच्या घरातच तिच्या रसायनाचा उलगडा व्हावा, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच आणि त्यांची वाढही फार संथ असते. म्हणून आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढते. नायट्राइट माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागतो आणि ते कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. अशा वेळी पुष्कळ जण हवेचा पंप वाढवून निश्चिंत होतात. पंपाने अपाय नाही, पण विष जागच्या जागीच राहते. दहा लिटर पाण्याला एक ग्रॅम साधे मीठ घातले, तर त्यातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यास अडथळा करते. तथापि ही तात्पुरती सोय आहे. खरा उपाय पाणी बदलणे हाच.

पीएचविषयी, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे दाखवणाऱ्या आकड्याविषयी (7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी), सर्वाधिक गैरसमज आहेत. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, विषारी मुक्त अमोनिया आणि बराच निरुपद्रवी अमोनियम. आणि घरगुती चाचणीत सहसा दोन्हींची बेरीज दिसते. पंचवीस अंश तापमानाला पीएच 7 असेल, तर या बेरजेतला मुक्त भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच 8 झाला की तो सुमारे पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे आकडा तोच, पण विषारीपणा जवळजवळ दसपट. पाणी थोडे आम्लधर्मी दिसले म्हणून पीएच वाढवणारे औषध ओतणारा माणूस, टाकीत अमोनिया साचलेला असल्यास, माशांवर स्वतःच्या हाताने विषप्रयोग करत असतो. पीएच अमुकच असला पाहिजे हा आग्रह नवशिक्याने सोडून द्यावा. टाकीत वाढवलेले बहुतेक सामान्य मासे बऱ्यापैकी मोठ्या टप्प्यात जुळवून घेतात. एकाएकी झालेला बदल मात्र त्यांना सोसत नाही.

पीएच स्थिर राहतो तो पाण्यातल्या कार्बोनेटमुळे, ज्याचे माप केएच या चाचणीने कळते. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते कार्बोनेट खाऊन टाकते. पिण्यासाठी आरओ यंत्रातून गाळलेले पाणी शुद्ध म्हणून टाकीत वापरणारे अनेक आहेत. पण त्यात कार्बोनेट जवळपास शिल्लकच नसते, त्यामुळे पीएच घसरत जातो आणि तो 6च्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावून जवळजवळ थांबते. अशा पाण्यात क्लोरीनमुक्त केलेले नळाचे पाणी मिसळावे किंवा फिल्टरमध्ये थोडा शिंपल्यांचा चुरा ठेवावा.

या साऱ्यावर सरळ मार्ग आहे, तो म्हणजे माशांशिवाय टाकी तयार करणे. फिल्टर आणि हीटर चालू ठेवून पाण्यात अमोनियम क्लोराइड इतके घालावे की अमोनियाची चाचणी 2 पीपीएम (लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम) दाखवील, आणि मग फक्त मोजत राहावे. चाचणीला वेळ लागत नाही: काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब घालायचे, हलवायचे, आणि सांगितलेली मिनिटे पूर्ण झाल्यावर नळी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग ताडून पाहायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवट झाला की आहे. नायट्रेटच्या चाचणीतली दुसरी बाटली जोरात आणि पुरेसा वेळ हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेले द्रव्य थेंबात उतरत नाही आणि आकडा फसवा येतो. घातलेला 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसू लागले, की टाकी तयार झाली. मग बरेचसे पाणी बदलून मासे आणावेत. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या निरोगी जुन्या टाकीतला वापरता स्पंज मिळाला, तर काळ बराच कमी होतो. जुन्या टाकीचे नुसते पाणी आणून तसा लाभ होत नाही, कारण हे जिवाणू पृष्ठभागाला धरून राहतात. म्हणूनच फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळून घ्यावा.

ज्यांच्या नव्या टाकीत मासे आधीच आहेत, त्यांनी रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजावे, दोन्हींपैकी काहीही दिसल्यास चौथा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे आणि खाद्य अगदी बेताचे द्यावे. पहिल्या आठवड्यांत पाणी दुधाळ झाले, तर घाबरून टाकी रिकामी करून घासू नये. तो गढूळपणा बहुधा वेगळ्या जिवाणूंच्या वाढीचा असतो आणि आपोआप निवळतो. रोगाचे निदान झालेले नसताना प्रतिजैविके तर मुळीच घालू नयेत, कारण त्यांनी उपयोगी जिवाणूही मरू शकतात.

आपणांस विनंती अशी की, यापुढे मत्स्यटाकीवर लेख छापताना टाकी आणि मासे एकाच दिवशी घेऊ नयेत आणि अमोनिया व नायट्राइट शून्य आल्याखेरीज मासे सोडू नयेत, ही दोन वाक्ये त्यात ठळकपणे यावीत. मासे विकणाऱ्यांनीही टाकी नेणाऱ्या ग्राहकाला त्याच दिवशी मासे न देता आधी चाचणी संच द्यावा. त्यांची त्या दिवसाची विक्री थोडी कमी होईल, पण माशांचा जीव वाचेल आणि महिनाभराने तोच ग्राहक तयार टाकी घेऊन मासे न्यायला येईल.

आपला विश्वासू,
एक मत्स्यपालक वाचक