अनोपोलीच्या आजींना, काठीबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

ती. आजींना,
साष्टांग नमस्कार.

तुमची नात हे पत्र तुम्हांला कसंबसं समजावून सांगेल. मला ग्रीक येत नाही, तुम्हांला इंग्रजी येत नाही, आणि पाच दिवसांत आपलं त्यावाचून काही अडलंही नाही. तरीही आभार मानायचे तर ते माझ्या भाषेतच मानावेत असं वाटलं. आमच्याकडची माणसंही आता ग्रीसमधल्या तुमच्या क्रीट बेटावर जायला लागली आहेत. तुमच्यासारखी माणसं तिथे राहतात हे त्यांनाही कळू दे.

आम्ही बेटावर उतरलो तेव्हा माझ्याकडे किनाऱ्यांची यादी होती. पश्चिमेला एलाफोनिसीची गुलाबी वाळू, वायव्येला बालोसचं उथळ पाणी, मग डोंगर ओलांडून दक्षिणेला स्फाकिया. प्रत्येक ठिकाणाला एक दिवस. अनोपोली त्या यादीत फक्त गाडी लावण्यापुरतं होतं. तिथून पायवाटेनं खाली समुद्राकाठच्या लुत्रो गावाला उतरायचं, कारण लुत्रोला रस्ताच नाही; एक तर बोटीनं जायचं, नाहीतर पायी.

बाबा अडुसष्ट वर्षांचे. रोज पर्वती चढणारे, म्हणून मी निर्धास्त होते. पण आम्ही निघालोच अकरा वाजता, मे महिन्याच्या उन्हात. आय्या एकातेरिनीच्या छोट्या देवळाखालून वाट एकदम कोसळते. समुद्र सहाशे मीटर खाली, पायाखाली सुटे दगड, आणि सावली म्हणाल तर नाहीच. तिसऱ्या की चौथ्या वळणावर बाबांचा पाय मुरगळला आणि ते खालीच बसले.

तुम्ही वर रानभाजी खुडत होतात. माझी हाक ऐकून उतरलात, डोक्याचा काळा रुमाल सोडून बाबांच्या घोट्याला करकचून बांधलात, आणि मग सूर्याकडे बोट दाखवून मला जे काही बोललात त्यातला एक शब्द कळला नाही, पण बोलणी मात्र पुरेपूर कळली. आमची आजीही अशीच रागवायची. तुमच्या मुलानं बाबांना पाठीवर घेऊन वर आणलं. हाड शाबूत आहे, तीन दिवस पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही आमच्या बॅगा उचलून सरळ तुमच्या घरात ठेवल्यात. पैशांचं नाव काढलं तेव्हा तुम्ही हात झटकलात आणि ताट वाढलंत.

त्या स्वयंपाकघराबद्दल तर मला वेगळंच पत्र लिहायला हवं. बाबा शाकाहारी आहेत हे कळल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जराही चिंता दिसली नाही. उकडलेल्या रानभाज्या, त्यावर घरच्या ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. बार्लीचे कडक टोस्ट पाण्याचा हबका देऊन, वर किसलेला टोमॅटो. आणि दुसऱ्या दिवशी ‘स्फाकियानी पिता’ नावाची तुमच्याकडची पोळी. तुम्ही कणकेची पारी केलीत, मिझिथ्रा चीजचा गोळा आत ठेवलात, तोंड मिटलंत आणि लाटायला घेतलंत, तेव्हा मी न विचारता दुसरा गोळा उचलला. अहो, ही तर आमची पुरणपोळी! माझी पहिलीच पोळी न फुटता लाटून झाली तेव्हा तुम्ही माझा गालगुच्चा घेतलात. तव्यावर भाजून वर थाइमचा मध. बाबांनी चार खाल्ल्या.

संध्याकाळी तुम्ही त्यांना चौकात नेऊन बसवत होतात, दास्कालोयानिसच्या पुतळ्यासमोर. बाबा निवृत्त शिक्षक आहेत हे नातीनं सांगितल्यापासून तुम्ही त्यांना ‘दास्काले’, म्हणजे मास्तर, अशीच हाक मारायला लागलात. 1770 मध्ये याच गावच्या दास्कालोयानिसनं तुर्कांविरुद्ध उठाव केला, रशियाची मदत येईल या भरवशावर. ती आली नाही. तो शरण गेला आणि 1771 मध्ये हेराक्लिओनला त्याची जिवंतपणी कातडी सोलली. हानियाच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. आम्ही तिथेच उतरलो होतो आणि नावाची पाटी न वाचता बाहेर पडलो होतो, याची मला तुमच्या चौकात बसून लाज वाटली.

चौथ्या दिवशी तुमच्या मुलानं आम्हांला गाडीतून अरादेनाला नेलं. 138 मीटर खोल घळीवरचा तो लोखंडी पूल, चाकांखाली धडधड वाजणाऱ्या फळ्या. 1986 मध्ये पूल झाला. त्याआधी पलीकडे जायचं तर खेचराच्या वाटेनं पार तळाशी उतरून पुन्हा चढायचं. पलीकडचं गाव मात्र वैरापायी ओस पडलेलं. ढासळलेली घरं, शेळ्यांच्या घंटा, कड्यावर एकटं उभं जुनं देऊळ. तिथे आम्ही तिघंही फार बोललो नाही.

आणि ग्लिका नेराचा किनारा! तो तुमच्यामुळेच. शेवटच्या दिवशी होरा स्फाकिओन बंदरातून छोट्या बोटीनं जा, म्हणालात, आणि नातीकडून निरोप दिलात की पाण्याच्या कडेला हातानं गोटे उकरा. आम्ही उकरले. समुद्राच्या लाटेपासून चार पावलांवर खड्ड्यात थंडगार पाणी साचलं, पिण्याजोगं! लेफ्का ओरीचे डोंगर चुनखडीचे. त्यांवरचं बर्फ वितळून दगडात मुरतं आणि इथे किनाऱ्यावर येऊन फुटतं. नावाचा अर्थ ‘गोड पाणी’. आमच्या कोकणातही खाऱ्याच्या शेजारी लागणाऱ्या अशा पाण्याला गोडं पाणीच म्हणतात. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणायचो, ते बाबांना आठवलं. ओंजळीनं पाणी पिताना त्यांचे डोळे भरून आले होते.

एलाफोनिसी आणि बालोस राहिलेच. मला त्याची हळहळ नाही.

निघताना तुम्ही तुमच्या यजमानांची काठी, वाकड्या मुठीची कात्सुना, बाबांच्या हातात दिलीत. बाबा नको नको म्हणत राहिले. तुम्ही त्यांची बोटं मुठीवर दाबून मिटवलीत आणि घरात निघून गेलात. आजी, ती काठी सुखरूप आहे. बाबा आता पर्वती पुन्हा चढायला लागले आहेत, तिच्याच आधारानं. कोणी विचारलं की थांबून सगळी हकिकत सांगतात, त्यामुळे चढायला दुप्पट वेळ लागतो.

ऑक्टोबरमध्ये आम्ही येतोय. काठी परत द्यायला येतोय असं बाबांचं म्हणणं आहे. मी पुरणयंत्र आणणार आहे. लुत्रोला पायी उतरायचं ते पहाटे, तुम्ही सांगाल त्या वेळेला.

तुमची,
पुण्याची पोळी लाटणारी मुलगी